उंचाबाईचा नमस्कार

मु. आष्टी, चैत्र

राजमान्य राजश्री सुंदरराव मेव्हणे यांस, आष्टीहून बंकटचा नमस्कार (साष्टांग घालत नाही, कारण पुढं येईल). आपली बहीण सत्यभामा खुशाल आहे. गावातल्या विहिरी आटल्या, तिचा आवाज आटलेला नाही. हैदराबादेत नळाला पाणी येतं म्हणे. ऐकूनच बरं वाटतं.

पत्रास कारण जिराफ. मोडलेल्या सर्कशीतली एक जिराफ मादी आमच्या दूध संघाच्या चेअरमननी, म्हणजे गहिनीनाथरावांनी, संघाच्या बागेची शोभा म्हणून आणली. दुष्काळात बाग वाळली, शोभा उरली. मग तिला चारा छावणीत बैलांच्या शेजारी ठेवलं आणि संघाचा जनावरांचा कंपाउंडर म्हणून माझ्या हवाली केलं. छावणीतल्या बाया तिला उंचाबाई म्हणू लागल्या.

पहिल्याच दिवशी मी बैलांच्या गव्हाणीत बाभळीचा पाला टाकला, तशी तिनं पुढचे दोन्ही पाय फाकवले, एवढी मान खाली आणली आणि डोकं माझ्या पायांशी टेकवलं. सुंदरराव, माझ्यापुढं आजवर कुणी वाकलेलं नाही (आपल्या बहिणीला विचारा). माझे डोळे भरून आले. मी पळत जाऊन चेअरमनना सांगितलं, की जनावर नमस्कार करतं. जमिनीवरचं खायला त्या जातीला असंच फाकावं लागतं, एवढी अक्कल मला नव्हती. चेअरमन खूश. मग रोज नवा पाहुणा, रोज नमस्कार. आज मामलेदार, उद्या त्यांचे व्याही. नमस्कार आणखी खाली जावा म्हणून मी पाल्याची टोपली चक्क खड्ड्यात ठेवू लागलो.

ती लंगडू लागली. पुढच्या पायाचा सांधा सुजून नारळाएवढा झाला. बैलांचा लेप लावला, शेकलं, काही उपयोग नाही. त्यातच माझाही गुडघा धरला. आम्ही दोघं एकाच बाजूला लंगडत छावणीतून चालायचो आणि बैल रवंथ थांबवून बघायचे.

मला मांडी घालता येईना, तेव्हा सत्यभामेनं ताट धान्याच्या कोठीवर ठेवलं आणि म्हणाली, "उभ्यानं खावा. सारखं वाकल्यावर दुखणारच की वो. एवढं बी कळंना व्हय?" घास तोंडातच राहिला. तसाच छावणीत गेलो आणि पाल्याची टोपली लिंबाच्या फांदीला टांगली. उंचाबाई ताठ मानेनं जेवली. आता सूज उतरतेय. मला फार आनंद झाला आहे.

पण ती वाकत नाही. चेअरमन म्हणाले, "बंकट, जनावराला मस्ती कावून आली बे? नमस्कार करती म्हणून तूच सांगितलंतं न्हवं?" बाकी क्षेम. पोरांना आशीर्वाद.

आपला दाजी,
बंकट

ता. क. शनिवारी संघाची सभा आहे. मंत्री येणार, म्हणून टोपली खाली ठेवायचा हुकूम आहे. त्या सांध्यावर ती आता वाकली तर पुन्हा उभी राहायची नाही. आपण तिथल्या प्राणिबागेत तिकिटं फाडता हे इथं कुणाला माहीत नाही, तेव्हा तिथल्या डॉक्टरांकडून शिक्क्याच्या कागदावर चार ओळी चेअरमनना धाडा. माझं ते ऐकत नाहीत.

ता. क. दुसरा. तिच्याऐवजी मी वाकतो, असंही म्हणून पाहिलं. म्हणाले, "तू तर रोजच वाकतूस. त्यात मंत्र्याला काय दाखवायचं?"

ता. क. तिसरा. कागद वेळेत आला नाही तरी टोपली मी उतरवणार नाही, कुणाला उतरवू देणार नाही. म्हणजे उंचाबाई उभी राहील आणि मी घरी बसेन. मंत्र्यासमोर बोलायची माझी तयारी झाली आहे. आपल्या बहिणीला सांगायची होत नाही. तेवढं आपण कळवा.