गाडीची भाकरी

बाबा, मी पंजाबात एका पिठाच्या गोदामाबाहेर गाडी लावून केबिनमध्ये बसलोय. दुपार आहे. दोन्ही काचा खाली केल्यात तरी मानेवरून घाम चाललाय, आणि तो उन्हाचा नाही. मागे कंटेनरची दारं मी स्वतः बंद केलीत. आत लाकडी तळावर, कागदावर, ढाब्यावरची एक रोटी ठेवलीय, बिनतुपाची. अर्ध्या तासाने काढायची. इथे तांदळाची भाकरी कुठे मिळणार. तोवर हातांना काहीतरी काम पाहिजे म्हणून फेऱ्या लिहायच्या वहीत हे लिहितोय. अक्षर समजून घ्या, सातवीनंतर या हातांनी पेन फारसं धरलेलं नाही.

मानपाड्याच्या घरात आई सकाळी पाच भाकऱ्या थापायची. चार डब्यात जायच्या, पाचवी वेगळ्या फडक्यात. ती गाडीची. तुम्ही गोदामाच्या डॉकवर, माल चढवायच्या धक्क्यावर, गाड्या तपासायला, आणि आत सगळा खाण्याचा माल, पीठ, रवा, दुधाची पावडर. बाकीचे तपासणारे धुलाईची चिठ्ठी बघून शिक्का मारायचे. तुम्ही आत शिरायचात, बाहेरून दारं लावून घ्यायचात, कुठे उजेडाचं भोक दिसतंय का बघायचात, खोल श्वास घ्यायचात. मग भाकरीचा एक तुकडा उघडा ठेवून बाहेर यायचात, दारं परत बंद, आणि चहाला जायचात. आल्यावर तुकडा हुंगायचा, एक घास खायचा. वास लागला असला तर गाडी परत. ड्रायव्हर चिठ्ठी नाचवत भांडायचे. तुम्ही म्हणायचात, "कागदावर कोणीपण लिहितो. भाकरीवर लिहून दाखव." आई चिडायची, "अहो, माणसं जेवण चाखतात, तुम्ही गाड्या चाखत सुटलाय." तुम्ही हात धुता धुता, "अगं, नंतर पोरांच्याच पोटात जाणार ना ते."

आणि तो दिवस. वीस पूर्ण झालेली, लायसन नवंकोरं, आणि माझी पहिलीच फेरी तुमच्याच डॉकला. मी शर्ट इस्त्री करून आलेलो. त्या गाडीने आदल्या फेरीला, दुसरा ड्रायव्हर असताना, कारखान्याचे केमिकलचे ड्रम नेलेले, त्यातला एक पाझरलेला. गाडीच्या मालकाने सांगितलेलं, नीट धुऊन लाव. मी दोन बादल्या पाणी मारलं आणि आत उदबत्तीचा अख्खा पुडा लावला. तुम्ही दार उघडता, नाक वर करता आणि विचारता, "कुठे धुतलीस?"

"खडवलीला. नदीवर."

"मग आत सत्यनारायण कधी घातलास?"

सगळा डॉक हसतो. हमाल म्हणतो, "काका, प्रसाद तरी द्या." मीही हसतो, मला वाटतं सुटलो. पण तुम्ही भाकरी ठेवता, चहाला जाता, मला बोलवत नाही. परत येऊन तुकडा उचलता, हुंगता, आणि खात नाही. सगळ्यांसमोर माझ्यापुढे धरता. "खा."

मी हात पुढे केला नाही. "खा ना. तूच धुतलीस ना?" आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. मग भाकरी माझ्या हातात कोंबलीत आणि कागदावर लाल शिक्का मारलात. पोराची पहिली गाडी बापाने परत पाठवली. महिन्याभरात मी मानपाडा सोडलं. लोकांना सांगत राहिलो, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, घरचं-बाहेरचं कळत नाही.

आता इथलं सांगतो. काल कंटेनरमध्ये कीटकनाशकाची पोती होती. एक फुटलं. पांढरी भुकटी तळाच्या फळ्यांच्या फटीत जाऊन बसली. झाडली, तरी बोटाने खरवडली की निघते. धुलाईच्या ठिकाणी पाण्याची मोटर जळालेली. तिथला माणूस न धुताच चिठ्ठी लिहून देत म्हणाला, "ले जा यार, कौन देखता है." आणि खरंच कोणी बघितलं नाही. इथल्या सुपरवायझरने दारातूनच आत नजर टाकली, चिठ्ठी घेतली, पास केलं. "तीन नंबर पे लगा." मी म्हटलं, "चाय पीके लगाता हूँ." तीन नंबरच्या डॉकवर अंगणवाडीच्या पिठाच्या पिशव्या रचून ठेवल्यात, प्रत्येक पिशवीवर हसऱ्या पोराचं चित्र. या मालकाकडे माझ्या दोन गाड्या याआधी परत गेल्यात. एकदा तेलाचे डाग, एकदा उंदराच्या लेंड्या. मालकाने साफ सांगितलंय, तिसरी परत आली तर चावी ठेवायची आणि घरी जायचं. घर म्हणजे आता टिटवाळ्याची मामाची खोली, तिथे आई. तिला वाटतं मी इथे सेट झालोय.

भीती मालकाची आहेच. पण बाबा, दुसरी एक आहे, ती आईजवळ कधी बोललो नाही. शेवटच्या महिन्यांत तुम्ही ताट सरकवायचात. "याला वास येतोय," म्हणायचात. आई परत गरम करून आणायची, परत तेच. डॉक्टर म्हणाले लिव्हर, आणि कशाने झालं ते सांगता येत नाही म्हणाले. मी सुट्टी काढून आलेलो, तुमच्या पायाशी बसलेलो, आणि डोक्यात एकच चाललेलं. इतकी वर्षं, इतक्या गाड्या, प्रत्येकीचा एक घास. आईला विचारलं असतं तर तिने त्या पाचव्या भाकरीचा दोष स्वतःच्या हातांना दिला असता. म्हणून गप्प बसलो. तेव्हापासून मी जेवायच्या आधी बोटं हुंगतो. धुतलेली असली तरी.

अर्धा तास झाला. जातो.

परत आलोय. रोटी काढली, आणि नाकाजवळ न्यायचीसुद्धा गरज पडली नाही. तशीच कागदात धरून ऑफिसच्या खिडकीशी गेलो. म्हटलं, "साब, मेरी गाडी रिजेक्ट करो." तो मोबाइलवरून वर बघत म्हणाला, "पागल है? पास हो गई तेरी." मी म्हटलं, धुतलेली नाही, चिठ्ठी खोटी आहे, आत औषध सांडलंय. तो म्हणाला, "सील पॅक माल है, कुछ नहीं होता." मी कागद उघडून रोटी त्याच्यापुढे धरली. "खाके दिखाओ." तुमच्यासारखा आवाज नाही आला, माझा चिरकलाच. पण वास त्याच्यापर्यंत गेला. खुर्ची मागे सरकली. त्याने टेबलावरची चिठ्ठी उचलली, फाडली, आणि शिक्का शोधायला ड्रॉवर उघडला. लाल शिक्का त्याला पटकन सापडेना. बहुतेक फार वापरत नसतील.

आता गाडी गेटच्या बाहेर, झाडाखाली आहे. रोटी खड्डा करून पुरली, वर दगड ठेवला. डॅशबोर्डवर फोन वाजतोय, मालकाचा आहे, चौथ्यांदा. उचलायला हात होत नाहीये. हे लिहून झालं की उचलेन. ही वही कुठे पाठवायची नाहीये, पाठवणार तरी कुठे. म्हणून एक राहिलेलं लिहून टाकतो.

त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही ओट्यापाशी डबा धुताना विचारलंत, "भाकरी कुठे टाकलीस?" मी म्हटलं, कुत्र्याला घातली. तुम्ही म्हणालात, "कुत्र्यालाही नको होती घालायला." आणि रात्रभर माझ्याशी बोलला नाहीत. मला वाटलं गाडीमुळे.

तिथे कुत्रं नव्हतं, बाबा. डॉकच्या मागे जाऊन मी ती खाल्लेली. तुम्हाला खोटं पाडायला, सगळी. आपल्या चाळीच्या नळापर्यंतसुद्धा पोचलो नाही, रस्त्यातच उलटी झाली. तेव्हाच कळलेलं.