फाटकाच्या नावापुढचे हजार रुपये

अप्पा, यंदाच्या बजेटमध्ये तुमच्या रेल्वे फाटकाला पैसे आले. नुसतं नाव आलेलं नाही, पैसे आलेत. पान पुढे-मागे करून मी चार वेळा वाचलं, शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मोठ्याने वाचायला लावलं, मग चष्मा पुसून पाचव्यांदा वाचलं. ती म्हणाली, मॅडम, एवढं काय आहे या फाटकात? काही नाही म्हटलं, आमच्या गावाकडचं आहे. तुम्हाला सांगायचं म्हणून फोनकडे हात गेला नाही, एवढी काही मी वेडी झालेली नाही. पण त्या दिवशी डबा न उघडताच घरी परत नेला.

आता बजेट एक फेब्रुवारीला असतं. रेल्वेचं वेगळं बजेट बंदच झालं, हे तुम्हाला पटलं नसतं. तुमच्या वेळी महिनाअखेरीला मंत्र्यांचं भाषण असायचं आणि त्या दिवशी तुम्ही ट्रान्झिस्टर फाटकाच्या खोलीतल्या खिडकीत ठेवायचात. नवी गाडी कुठली, जुनी कुठवर वाढवली, दुहेरी मार्ग कुठं, हे सगळं ऐकून झालं की म्हणायचात, "आमच्या फाटकाचं कोन काडतंय भाषनात." बारकी कामं भाषणात नसतात, ती नंतर छापून येणाऱ्या पुस्तकात असतात, हे मला रेल्वेच्या कार्यालयात लागल्यावर कळलं. गुलाबी कव्हरचं पुस्तक. वर्षभर खालून प्रस्ताव जातात, वर काटछाट होते आणि जे उरतं ते त्यात छापलं जातं. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही खुर्चीत घालायला गादी शिवून दिली होती, जुन्या हिरव्या झेंड्याच्या कापडाची. आई म्हणाली, सरकारी कापड घरात आणलंत व्हय. तुम्ही म्हणालात, "निकामी म्हनून कापलेला झेंडा हाय, चोरलेला न्हाय." ती गादी मी सात वर्षं वापरली आणि दर वर्षी तिच्यावर बसून त्या पुस्तकात तुमचं फाटक शोधलं.

का शोधायला सांगत होता, ते आपल्या घरात कुणी बोलायचं नाही. मी दहावीत होते. दुपारचा डबा घेऊन आले होते आणि तुम्ही फाटक लावून हातात हिरवा झेंडा घेऊन उभे होता. अक्कलकोटकडून मालगाडी यायची होती. पलीकडे जीप येऊन थांबली. तिच्यात फाटकापलीकडच्या गावातली एक सून होती, बाळंतपणाच्या कळा सुरू झालेली, आणि तिची सासू. सासू खाली उतरून तुमच्याकडे हात जोडत आली. तुम्ही स्टेशन मास्तरांना फोनवर फाटक बंद केल्याचा नंबर देऊन बसला होता, आणि नंबर दिला की फाटक गाडीचं होतं, माणसाचं राहत नाही. मालगाडी गेली, तोवर दुसऱ्या बाजूने एक्स्प्रेसची घंटा झाली. तुम्ही सासूला म्हणत होता, "अव्वा, माज्या हातात न्हाय गं, माज्या हातात न्हाय." मी डबा हातात धरून उभी होते. ती सून सोलापूरला पोचायच्या आत गेली, मूलही गेलं. चौकशी झाली आणि तुमची काहीच चूक निघाली नाही. चूक निघाली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं, असं मला आता या वयात वाटतं. त्यानंतर फाटकाच्या जागी भुयारी रस्ता व्हावा म्हणून तुम्ही साहेबांकडे, सरपंचाकडे, आमदाराकडे अर्ज नेलेत. फाटक गेलं तर गेटमन कशाला लागेल, असं कुणी विचारलं की म्हणायचात, "माजं बगून घेतो मी."

मग माझ्या नोकरीतलं पहिलंच बजेट आलं. तुमच्या निवृत्तीला पाच आठवडे राहिले होते आणि पुस्तकात पहिल्यांदा फाटकाचं नाव आलं. अमुक किलोमीटर, फाटकाच्या जागी भुयारी रस्ता, आणि पुढे आकडा, एक. पानाच्या अगदी वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आकडे हजारात आहेत. म्हणजे हजार रुपये. कामाचं नाव यादीतून पुसलं जाऊ नये म्हणून एवढेच टोकन म्हणून टाकतात, बाकीचे पुढे कधीतरी येतील या आशेवर. हजार रुपयांत खड्डा खणणाऱ्याची एका दिवसाची मजुरी आणि चहा-पाणी निघेल. तरी मी संध्याकाळी घरी आले, आई चुलीवर भाकरी टाकत होती, तुम्ही पाटावर बसला होता, आणि मी म्हणाले, अप्पा, आलं. एक कोटी आले. तुम्ही पुढ्यातलं ताट बाजूला सारलंत. आई म्हणाली, अहो, जेवा की. तुम्ही उठून बाहेर गेलात ते बराच वेळ आला नाहीत.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून तुम्ही त्या घरी गेलात. त्या सासूला सांगितलंत. पंधरा दिवसांनी गावाने टॉवेल, टोपी, नारळ देऊन तुमचा सत्कार केला. तुम्ही मला बळेच पुढे बसवलंत. वर्ष गेलं, कुदळ पडली नाही. सरपंच कार्यालयात आले, एका बाबूने त्यांना पान काढून दाखवलं, आणि बाजारात तुमचं नावच पडलं. "काय एक कोटी, निगालात कुटं?" तुम्हीही हसायचात. म्हणायचात, "आमची पोर नवी हाय त्या हापिसात, आकडा वाचताना चुकली." मला बोललात ते एकदाच. सायकलची चेन बसवत होता, मान वर न करता म्हणालात, "आकडा वाचायच्या आदी वरची वळ वाचत जा, बाई." एवढंच. त्यापेक्षा कानाखाली दिली असतीत तर चाललं असतं.

अप्पा, मी वरची ओळ वाचली होती. त्या खात्यात मला सहा महिने झाले होते. हजाराचं टोकन म्हणजे काय, हे तिथल्या चहावाल्यालाही ठाऊक असतं. मी विचार केला, तुम्ही पाच आठवड्यांनी घरी बसणार, निदान शांत मनाने बसाल. पुढच्या वर्षी खरे पैसे येतीलच, मग माझं खोटं आपोआप खरं होईल. किती सोपं वाटलं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा एक, त्याच्या पुढच्या वर्षी एक. पुढे दोन वर्षं नावच गाळलं. चौथ्या वर्षी तुम्ही गेलात, आणि मी चुकले होते असं समजूनच गेलात. तुम्ही माझ्यासाठी चारचौघांत हसं करून घेत होता आणि मी घेऊ देत होते. दवाखान्यात तीन दिवस तुमच्या उशाशी होते. सांगायला तोंडही उघडलं होतं एकदा, तेवढ्यात तुम्ही पाणी मागितलंत. पाणी पाजल्यावरही सांगता आलं असतं.

यंदा पैसे आले तेव्हा वाटलं, निदान त्या घरी जाऊन यावं, तुम्ही गेला असतात तसं. रविवारी गेले. फाटक अजून तुमचंच वाटतं, खोली मात्र नवी बांधलीय. अव्वा आहेत अजून, वाकल्यात, डोळ्यांना नीट दिसत नाही. मी कोण ते सांगितलं, मग म्हणाल्या, "एक कोटीची लेक व्हय?" आणि लगेच जीभ चावली. मी काम होणार म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "पैसं आल्यात का नुसतं नाव?" पैसे आलेत म्हटलं. त्यांनी चाचपडत पायरीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "तुजा बा दर साली यायचा. बजेट झालं की दुसऱ्या दिशी. हितं पायरीवर बसायचा, च्या घ्यायचा न्हाय. म्हनायचा, अव्वा, औंदा बी न्हाय." हे मला माहीत नव्हतं अप्पा. तुम्ही भाजीला चाललो म्हणून जायचात ते इथं यायचात, पिशवी रिकामी आली की आई ओरडायची. माझ्या एका खोट्यापायी तुम्ही त्यांची तीनदा माफी मागून आलात आणि घरी येऊन मला विचारलंत, हापिसात बरं चाललंय न्हवं.

मी उठणार तेवढ्यात अव्वांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "लई जीव तुज्यावर त्याचा. पोर नवी हाय, चुकली म्हनायचा. कुनी काय बोललं की भांडाय उटायचा. खरंच नवी हुतीस न्हवं?" त्यांची सून गेली, नातवंड गेलं, आणि त्या मला विचारत होत्या. त्यांच्यासमोर खरं बोलायला आता कुणाची भीती होती? कामाचे पैसे आलेत, तुम्ही आता हयात नाही, माझी नोकरी दोन वर्षांत संपेल.

हे पत्र पाठवायचं तर कुठे, म्हणून ते कपाटात ठेवीन. तुम्हाला एवढंच सांगायचं राहिलं. मी म्हणाले, होय अव्वा, नवीनच होते मी.