पश्चिमेची काच

दि. ४ मे

चि. हट्टीबाईस,
अ. आ.
वाचनालयाच्या अध्यक्षांचा फोन आला होता. रस्त्याच्या बाजूची, म्हणजे पश्चिमेची सगळी भिंत त्यांना काचेची हवी आहे आणि तू नकाशावर सही करायला साफ नकार दिलास म्हणे. अगं, हे काम मी तुला मिळवून दिलं. काचही माझ्याच कारखान्यातून जायची आहे. तीस वर्षं काचा बसवतोय, कोणी भाजल्याचं ऐकलं नाही. आतून जाड पडदे लाव आणि मामाची अब्रू राख. पंधरा तारखेपर्यंत सही झाली नाही, तर ते दुसरा आर्किटेक्ट बघणार आहेत.

डोकं तेवढं ठिकाणावर ठेव, बाकी आशीर्वाद आहेतच.
तुझा मामा

दि. ७ मे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.
पडद्याचं वाचून हसू आलं. ऊन काचेतून आत शिरल्यावर पडदा काय कपाळ करणार? वर्षभरात लागेल तेवढी वीज या इमारतीने स्वतःच्या छपरावर तयार करायची, असं ठरलंय. नकाशात छप्पर सोलर पॅनेलनी आधीच भरलंय. पश्चिमेला काच लावली की एसीलाच दुप्पट वीज लागेल, ती कुठून आणू? म्हणून तिकडे जाड भिंत आणि खिडक्या उत्तरेला.

माझी ही पहिली इमारत आहे, मामा. हातची गेली तर रडेन, पण सही करणार नाही. वाचनालयाच्या जागेवर कामासाठी दोन तात्पुरत्या खोल्या बांधल्या आहेत, त्यातल्या एकीला मी पश्चिमेकडून तुमचीच नमुन्याची काच बसवली आहे, पडद्यासकट. शेजारच्या खोलीला भिंत आहे. दुपारी चार वाजता जाऊन बसा, मग खुशाल रागवा.

मामींना नमस्कार. रागातही थोडी माया शिल्लक ठेवा.
तुमची भाची

दि. १३ मे

चि. हट्टीबाईस,
अ. आ.
बसलो. मुद्दाम तू नसताना गेलो. पडदा ओढून पेपर उघडला, तर पंधरा मिनिटांत शर्ट भिजला. इरेला पेटून अर्धा तास काढला, मग मुकाट्याने भिंतीच्या खोलीत गेलो आणि तिथे चक्क डोळा लागला. वॉचमनने उठवलं. तीस वर्षं मी लोकांच्या घरात ऊन घालत आलो, याचं फार वाईट वाटलं.

पश्चिमेला काच बसवणार नाही, असं अध्यक्षांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, शहरात काचवाले पुष्कळ आहेत. पुष्कळ कसले, माझ्याखेरीज तिघे. काल चार वाजता तिघांनाही त्या खोलीत नेऊन बसवलं. आता तेही नाही म्हणतात. अध्यक्ष बाहेरगावचा काचवाला शोधताहेत. शोधू देत, त्यालाही बसवू.

सही करू नकोस. उत्तरेच्या खिडक्यांची मापं पाठव, काच कापायला घेतो.
तुझा मामा