वेशीच्या राखणदाराच्या बाजूने

मी, खाली सही करणारी, गणिताच्या मास्तरांची विधवा, धंदा चष्म्यांचा, आता निवृत्त, आज पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच बनवलेला चष्मा लावून माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, हे वाक्य वकीलबाईंनी खोडलं होतं, ते मी परत घातलं. याआधी कोणाला तोंडी काही देऊ केलं असेल, तर ते बोलणं या कागदाने संपलं असं समजावं.

कलम पहिले. काचा घासायचं यंत्र, तपासणीच्या काचांची पेटी आणि बारीक पेचकस हे सर्व आज माझं दुकान चालवणाऱ्या माझ्या जुन्या सहकारी बाईंना द्यावं. अट एकच. जवळची नजर तपासायला गिऱ्हाइकाच्या हातात 'काळकाठ'च्या पहिल्या खंडाचं पहिलं पान द्यायचं, तक्ता नाही. अक्षरांचा तक्ता लोक पाठ करून येतात आणि नंबर चुकला की माझ्या नावाने खडे फोडतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: 'काळकाठ' ही अकरा खंडांची अद्भुत कादंबरी आहे. त्यात बोलणारे डोंगर आहेत, एक कपटी वजीर आहे आणि तीन खंड न उठणारा एक वेढा आहे. आमचे पोस्टमन चष्म्याला आले, पान वाचून संपवलं आणि म्हणाले, "नंबर बरोबर आहे हो, पण पुढे काय झालं?" त्यांच्यासारखे आणखी भेटत गेले आणि माझ्या घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी वाचन सुरू झालं. शेवटचा खंड संपला की आम्ही परत पहिला काढतो. असं मंडळ मी उभं केलं, याचा मला अभिमान आहे आणि तो लपवण्याचं कारण मला दिसत नाही.

कलम दुसरे. अकरा खंड मंडळाचे. ते पोस्टमननी सांभाळावेत, कारण पानाचा कोपरा न दुमडणारे मंडळात ते एकटेच आहेत. चिठ्ठ्यांचा डबाही मंडळाचा. मंडळाचा रिवाज मोडू नये: नव्या वाचनाआधी प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, आणि जे पात्र निघेल त्याची वकिली अकराव्या खंडापर्यंत करायची. स्वतःचं मत काहीही असो. मध्येच पक्ष बदलणाऱ्याने त्या रविवारचे कप विसळायचे. आमच्या दंतवैद्यांनी एकदा कपटी वजिराची बाजू इतकी मनापासून मांडली की त्यांची बायको दोन दिवस त्यांच्याशी जपून बोलत होती.

कलम तिसरे. माझ्या धाकट्या दिरांना माझ्याकडून काळकाठचा तिसरा खंड, जादा प्रत, वेढ्याचा. त्यांनी तो वाचायला नेला होता आणि चहाचे डाग पाडून न वाचता परत आणला. आता वाचावा. याहून अधिक त्यांना काही नाही. "पळून गेलेल्या पोरीला हे घर मिळू देणार नाही, कोर्टात खेचीन," असं ते चारचौघांत बोलले आहेत. म्हणून पुढचं कलम मी सावकाश लिहिते.

कलम चौथे. हे राहतं घर, जे मी चष्मे विकून स्वकमाईने बांधलं, ज्याच्या एकाही विटेला सासरचा पैसा लागलेला नाही, ते माझ्या एकुलत्या एका मुलीला. पूर्णपणे, कायमचं. मुलगी पळून गेली हे खोटं आहे. तिला जहाजावरच्या स्वयंपाक्याशी लग्न करायचं होतं, घरच्यांनी तिला खोलीत कोंडलं, आणि भर दुपारी सगळे पुढच्या खोलीत तिच्या नशिबाचा निकाल लावत बसलेले असताना तिच्या खोलीची कडी आणि मागचं दार मी उघडलं. प्रवासाची पिशवीही मीच भरली. मास्तर वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. माझी नणंद, जिला मी लग्न झाल्यापासून वन्सं म्हणत आले, तिने मला सगळ्यांदेखत घरभेदी म्हटलं. मला पश्चात्ताप नाही. माझी मुलगी सुखी आहे, आणि तिचा नवरा मला भेटला की आधी माझ्या स्वयंपाकघरातल्या चाकूसुऱ्यांना धार लावून देतो.

कलम पाचवे. वन्संविषयी. वकीलबाई म्हणतात हे कलम गोष्टीच्या पुस्तकात शोभेल. शोभू दे.

काळकाठात एक वेशीचा राखणदार आहे. राजाचा हुकूम मोडून तो वेढ्यातली मुलं बाहेर काढण्यासाठी उत्तरेची वेस उघडतो, आणि त्याच वेशीतून शत्रू आत येतो. वन्सं मंडळात आल्या त्याच मुळी त्याला द्रोही ठरवायला. चिठ्ठ्या कोणाच्याही निघोत, वाचनानंतरच्या चहाला मी त्याच्या बाजूने. आम्ही दोघी कोणाविषयी भांडतो आहोत ते दोघींनाही कळत होतं, पण तोंडाने दोघी राखणदाराचंच नाव घ्यायचो. मुलीचं नाव वन्संनी या घरात कधी काढलं नाही.

मग गेल्या वाचनाला राखणदाराची चिठ्ठी वन्संना निघाली. त्यांचं तोंड कडू झालं, पण रिवाज तो रिवाज. आणि त्या अशा काही भांडल्या राखणदारासाठी की माझा चहा कपातच गार झाला. चौथ्या खंडाला दंतवैद्यांनी त्यांना डिवचलं, "हुकूम मोडणारा तो मोडणाराच ना?" तेव्हा वन्सं कडाडल्या, "दार उघडलं नसतं तर ती पोरगी त्या खोलीत झुरून मेली असती!"

काळकाठात अशी कोणी पोरगी नाही, अशी खोलीही नाही. आमचे भाबडे पोस्टमन भराभरा पानं उलटत म्हणाले, "कितव्या पानावर आहे ते, बाई?"

"पुस्तकात नाही ते," वन्सं म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे भाचीचा फोन नंबर मागितला. आत्या आणि भाची काय बोलल्या ते मी विचारलेलं नाही.

वन्सं भाड्याच्या खोलीत राहतात, जिना चढताना गुडघे धरून चढतात. म्हणून मी या मृत्युपत्रात त्यांना इथली मागची उन्हाची खोली हयातभर राहायला लिहून दिली होती. वकीलबाईंनी विचारलं, साक्षीला कोण? मी म्हटलं, एक दंतवैद्य, दुसऱ्या वन्सं. सासरच्या माणसांत वन्संचा शब्द शेवटचा. त्यांची सही असली तर दीर कोर्टाची पायरी चढणार नाहीत. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. खोली किंवा सही, दोन्ही नाही.

मी म्हटलं, "वन्सं, खोली घ्या. दिरांशी मुलगी बघून घेईल."

"तिने का म्हणून बघायचं? एकदा कोंडली तेवढी पुरे झाली," वन्सं म्हणाल्या. "वहिनी, खोली खोडा. मी सही करते."

मी पुष्कळ समजावलं, मग चिडले, मग रडलेसुद्धा. त्या ऐकेनात. शेवटी खोलीचं कलम मी माझ्या हाताने खोडलं. मुलीने आत्याचं पुढे काय करावं याबद्दल वकीलबाई मला एक अक्षर लिहू देत नाहीत, म्हणून मी लिहीत नाही. माझी मुलगी माझ्यावर गेली आहे, एवढंच लिहिते. आणि वन्सं, मला तुमचा फार अभिमान वाटतो. तोंडावर सांगितलं तर तुम्ही लगेच विषय बदलाल, म्हणून इथे सहीशिक्क्यानिशी सांगते.

कलम सहावे. या सगळ्याची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांना फीशिवाय काही नको आहे, पण काळकाठचा पहिला खंड त्यांनी माझ्याकडून नेला आहे आणि दुसरा कधी मिळेल असं विचारलं आहे.

ठिकाण: घराची पुढची खोली.
दिनांक: नव्या वाचनाचा पहिला रविवार. खरी तारीख वकीलबाईंनी शिक्क्याजवळ घातली आहे.

मृत्युपत्र करणारी: (सही) चष्मेवाली

साक्षीदार पहिले: (सही) दंतवैद्य. बाईंनी आम्हा दोघांसमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार दुसरी: (सही) नणंद. वहिनी आज पूर्ण शुद्धीत आहेत. लेकीसाठी दार उघडलं त्या दुपारीही होत्या.