कंबर, एक इंच जास्त

चिरंजीव धाकट्यास,

ताईचे पोटभर आशीर्वाद, आणि पाठीवर घालायचा एक धपाटा राखून ठेवलेला. तुझी तब्येत बरी असेलच, कारण बिघडली असती तर तू फोन केला असतास. बरा असलास की तू कोणाचा! इकडे आई बरी आहे, फक्त तिचे गुडघे तिच्यापेक्षा जास्त बोलतात. बाबाही ठीक. दोन वर्षांपूर्वी तू दुकानातली कात्री ठेवून कम्प्युटरच्या नोकरीला गेलास, तेव्हापासून तुझं नाव निघालं की बाबा शिलाई मशीन जोरात चालवायला लागतात, ते अजून तसंच आहे. (मशीनखाली कापड नसलं तरी चालवतात.)

तर मुद्द्याचं. दुकानातली मापांची वही मी तीन आठवड्यांपूर्वी कम्प्युटरवर चढवली, हे तुला माहीत आहेच. नावांची यादी दिसते, नावावर टिचकी मारली की तेवढ्याच गिऱ्हाइकाचं कार्ड उघडतं, छाती, कंबर, उंची, सगळं. तेव्हा तू फोनवर म्हणाला होतास, की ताई, नुसतं उघडणं-मिटणं असेल तर मॅक्रो चालेल, पण मापात हात घालणार असशील तर कोड लिही, मी शिकवतो. मी ऐकलं नाही. मॅक्रोत काय, तयार यादीतून कामं निवडायची, एकाखाली एक लावायची, झालं! कोड म्हणजे ओळ न् ओळ हाताने लिहा, एक कंस राहिला की कम्प्युटर तोंड फुगवून बसणार. (तोंड फुगवून बसणारे घरात एक आहेत, दुसरा कशाला?) शिवाय ज्याचं नाक मी पुसलं त्याच्याकडून धडे घ्यायचे म्हणजे... असो.

आता बाबांची पद्धत तुला ठाऊक आहे. कंबरेला एक इंच जास्त, गिऱ्हाइकाला न सांगता. माप देताना माणूस पोट आत ओढतो आणि घरी गेल्यावर सोडतो, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव. वहीच्या काळात तो इंच ते कापताना तोंडी सांगायचे. मी म्हटलं, हे मॅक्रोच करेल: कंबर अधिक एक. केला, आणि लावून दिला. फक्त लावला कुठे, तर नवीन माप भरून जतन करतो तिथे नव्हे, कार्ड उघडतं तिथे! म्हणजे कोणीही नुसतं बघायला कार्ड उघडलं, की त्या बिचाऱ्याची कंबर एक इंचाने वाढणार. हस, हस. मॅक्रोने एकदाही विचारलं नाही, की अहो बाई, याची आधीच वाढवली आहे ना? मुकाट्याने सांगितलेलं ऐकणारं आपल्या घरात पूर्वी कोणी नव्हतं, त्यामुळे मलाही संशय आला नाही.

त्यात आले बँडवाले. बारा जणांचे नवे पोशाख, येत्या रविवारी कार्यक्रम. बँडमास्तर महासंशयी. मी मापं नीट भरलीत का हे बघायला सहा दिवस रोज यायचे, आणि मी रोज बाराही कार्डं उघडून आकडे न वाचता त्यांच्यासमोर धरायची. (तेही आकडे वाचत नसत, नावं बरोबर आहेत म्हणून मान डोलवायचे.) पुढे कापणारे काका. बाबांच्या शेजारी तीस वर्षं बसून त्यांची प्रश्न विचारायची सवयच गेली आहे. कार्डावर जे छापून आलं ते त्यांनी कापलं. मंगळवारी पोशाख घालून तालीम झाली. पट्टे आवळून सगळे उभे राहिले खरे, पण वाजवणाऱ्याचे दोन्ही हात वाद्यात, पँट धरायची कोणी? पहिल्याच सुरात कर्णेवाल्याची गेली. ढोलवाल्याची ढोलात अडकली म्हणून अब्रू वाचली. बँडमास्तरांनी छडी फिरवायला हात वर केला, त्यांचं मी लिहीत नाही, वडीलधारे आहेत.

बाबा ओरडले नाहीत, हेच वाईट. शांतपणे म्हणाले, शुक्रवारपर्यंत हे यंत्र खरं बोलायला लागलं नाही तर ते माळ्यावर आणि वही पुन्हा गल्ल्यावर. धाकट्या, हे दुकानातलं माझं स्वतःचं पहिलं काम आहे रे. ते माळ्यावर गेलं तर मी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा फक्त काजं करणारी. काका आणि मी पँटी उसवतोय, आणि मधल्या वेळात जुनी वही मांडीवर घेऊन मी एकेकाची कंबर जागेवर आणतेय. चूक मॅक्रोची नाही, तू भलत्या जागी लावलास, असं तू म्हणशील. बरोबर आहे. पण सध्या मला कोणाला तरी शिव्या द्यायच्या आहेत आणि मॅक्रो उलट बोलत नाही.

आईने पापे पाठवले आहेत. बाबांनी काही सांगितलेलं नाही, मशीन चालू आहे.

तुझी,
ताई

ता.क. : मॅक्रो काढून टाकला. आता शहाण्यासारखा कोड लिहून पाठव. एकदा वाढवलेलं पुन्हा वाढवू नये, आणि काही चुकलं तर थांबून विचारावं. हरले मी. खूश?

ता.क. दुसरा : कोड पाठवू नकोस. पत्र बंद करण्याआधी उरलेली कार्डं तपासली. गिऱ्हाइकं दोन-चार इंचांनी वाढली होती, बँडवाले सोडून. मग तुझं कार्ड निघालं. (वहीत होतास, म्हणून तुलाही चढवला होता.) वहीत कंबर तीस. कम्प्युटरवर अठ्ठ्याहत्तर. अठ्ठेचाळीस वेळा उघडलंय, तीन आठवड्यांत. मी उघडलेलं नाही. आईला माऊस धरता येत नाही, आणि काका त्या पडद्याकडे पाठ करून बसतात.

ता.क. तिसरा : आईला विचारलं. तिला सगळं माहीत होतं. बाबांना वाटतंय, तुझं कामच कम्प्युटरचं, तेव्हा ते आकडे तूच तिकडून भरतोस. परवा तिला म्हणाले, पोरगा भलताच जाड होत चाललाय, पण माझ्याशी बोलत नसला तरी रोज न चुकता माप कळवतो. त्यांना खरं काय ते सांगायला दोनदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि परत आले. माझ्याने नाही होत. तू ये.