दोनावरचा खटका

बाबा, तुमच्या ऑफिसात होतं तसलं, कागदांवर क्रमांकाचे ठसे मारायचं नंबरिंग मशीन काल तिरुवल्लिकेणीच्या जुन्या सामानाच्या दुकानात दिसलं. "वर्किंग अम्मा, वर्किंग," म्हणत दुकानदाराने दाबून दाखवलं. खट्ट!

दर शुक्रवारी तुम्ही ते नुंगंबाक्कमच्या ऑफिसातून डब्याच्या पिशवीत घालून घरी आणायचात, कारण तिथल्या कुणाच्याच हातावर तुमचा भरवसा नव्हता. रविवारी स्वयंपाकघरात पेपर पसरून जुन्या टूथब्रशने आकड्यांची चाकं रॉकेलने घासायची, आई वासाने नाक मुरडायची. मग रद्दीवर तीन ठसे मारून वाचायचे. बाजूचा खटका एकावर असला की दर ठशाला नंबर पुढे सरकतो, दोनावर असला की तोच नंबर दोनदा पडतो. त्या वर्षी मोतीबिंदूने तुम्हाला खटक्यावरचा आकडा दिसेनासा झाला होता. निवृत्तीला सहा महिने उरले होते आणि ऑफिसात कळू द्यायचं नव्हतं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

आणि त्या रविवारी तुम्ही माझ्या डोक्यावर उभे. "अगं, घासतेयस की भांडी विसळतेयस? बत्तीस वर्षांची घोडी झालीस, एक काम धड नाही!" आई म्हणाली, "अहो, पुरे आता." मी रागारागाने तीन ठसे हाणले आणि न बघताच पेपर ओट्याखाली भिरकावला. इतका राग आला होता तुमचा!

सोमवारी चपला घालताना तुम्ही विचारता, "तीन मारून बघितलेस ना?"

"हो, बाबा."

तुम्ही बस पकडायला गेल्यावर केर काढताना तो पेपर हाती येतो. ४०१७, ४०१७, ४०१८. खटका दोनावरच राहिला होता. घड्याळात नऊ वाजलेले. मी कुकर लावते, कपडे भिजवते, पुन्हा पेपर बघते. दिवसभर फोन वाजत नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

संध्याकाळी तुम्ही पिशवीशिवाय आलात. दोन-दोन अर्जांवर एकच नंबर पडला होता, एकाचे कागद दुसऱ्याच्या फायलीत गेले होते. साहेबांनी सगळ्यांसमोर खटका वाचायला लावला आणि तुम्हाला वाचता आला नाही. चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणाले. "माझाच हात लागला असणार," तुम्ही आईला म्हणालात. "पोरीने तर तपासून दिलं होतं." चौकशी संपायच्या आतच तुम्ही गेलात.

बाबा, त्या सकाळी साडेनऊला, काम सुरू व्हायच्या आधी, मी तुमच्या ऑफिसात फोन लावला होता. तुम्हीच उचललात. दोनदा "हॅलो" म्हणालात. कळू दे एकदा यांनाही बोलणी खाणं कसं असतं, असं मनात आलं, आणि मी फोन ठेवून दिला.