दुकानाच्या अकरा फळ्या

नांदूरघाट
१२ जानेवारी २०२५

माळ्यावरच्या माझ्या फळ्या कुठं हायत? आशीर्वाद मागून. आधी फळ्या.

संक्रांतीच्या तिळाचा डबा काढायला शिडी लावली, माळ्यावर हात घातला, तर हाताला नुसती जाळी लागली. अकरा सागवानी फळ्या, त्यातली एकबी न्हाई. तुझ्या बापाला विचारलं तर म्हणतो, रुद्राणी टेम्पोत घालून अंबाजोगाईला घेऊन गेली, गाण्याची पेटी करणार म्हणत व्हती. मी तवा भाचीच्या साखरपुड्याला तेलगावला गेलते. बाई घरात नसली की चोराचं फावतं हे खरं, पण चोर नात निघंल असं वाटलं नव्हतं.

चि. रुद्राणीस आजीचे आशीर्वाद. आता ऐक.

शटर बसायच्या आधी दुकान ह्या फळ्यांनी बंद व्हायचं. एक ते अकरा आकडे घातलेले. तुझे आजोबा सकाळी एकेक काढायचे, दुकान वाढवताना एकेक खाचेत सरकवायचे. वीस वर्षांमागं शटर आलं आन् त्या मी मागून घेतल्या. कावून, ते ह्यांच्याबिगर कुणाला सांगितलं न्हाई. आपल्यात माणूस गेला की आडवा नेत न्हाईत, बसवून नेतात. सासूबाईंना नेलं तवा बांबूचं मखर भर बाजारात कचकलं आन् जलमभर ताठ बसलेली बाई भेळवाल्याच्या गाड्यावर कलली. तवाच ठरवलं, माझी बैठक सागवानाची व्हईल, हलणार न्हाई. तू सुतारकाम शिकलीस तवा तर बरंच वाटलं, घरचं काम घरातच व्हईल.

तर फळ्या परत आण. कापल्या असशील तर चिकटव.

फोन करू नको. फोन वाजला की अख्खं घर कान लावतं, आन् ही गोष्ट अख्ख्या घराची न्हाई. म्हातारपणी चार अक्षरं शिकले ती असल्याच कामाला.

लोभ हाय तितका हाय. वाढायचा का आटायचा, ते फळ्यांवर.

नीलाबाई


अंबाजोगाई
१९ जानेवारी २०२५

ती. सौ. आजीस रुद्राणीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कामाच्या शेडमध्ये उभ्यानंच वाचलं आणि रंधा खाली ठेवला. आजी, मला खरंच माहीत नव्हतं. पण मी चोर नाही. फळ्या मला अप्पाआजोबांनी दिल्या.

दिवाळीत त्यांनी पलंगाखालच्या गाण्याच्या तबकड्या दाखवल्या होत्या. वाजवायचं यंत्र माझ्या जन्माआधीच भंगारात गेलेलं. मीच म्हणाले, अप्पा, मी पेटी करून देते, फक्त लाकूड चांगलं हवं. तू तेलगावला गेलीस त्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि स्वतः शिडीवर चढले. मी खाली हात पसरून उभी. एकपासून क्रमानं, प्रत्येक फळी उपरण्यानं पुसून खाली दिली. अकरावी देताना म्हणाले, यातली एकही परत आणू नकोस. मला वाटलं, माळा मोकळा झाला म्हणून म्हणाले असतील.

पेटी कमरेएवढी झाली आहे. चार पाय, वर झाकण. झाकणाखाली तबकडी फिरते, दोन्ही अंगांना स्पीकर, मध्ये तबकड्या उभ्या ठेवायचा कप्पा. खिळा एकही नाही, कोपऱ्यांत लाकडाचे दात एकमेकांत बसवलेत. पाठीला रंधा लावलाच नाही, अप्पांचे आकडे तसेच राहू दिले. सुग्रीव मिस्त्री, ज्यांच्या हाताखाली मी शिकले, ते फळीला टिचकी मारून कान लावतात आणि म्हणतात, सत्तर वर्षं वाळलेलं लाकूड आहे, हे बोलतं; बाजारातलं नुसतं ठकठकतं. त्यामुळे नवं सागवान आणून तुला गप्प करता येईल असंही नाही.

आणि खरं सांगू? पेटी फसली आहे. आवाज जरा वाढवला की रेड्यासारखी हंबरते आणि सुई उडते. स्पीकरचा हादरा लाकडातून सुईपर्यंत पोचतो. मिस्त्री म्हणतात, स्पीकर कापून वेगळे कर. दोन दिवस करवत हातात घेऊन उभी आहे. तुझ्या फळ्या एकदा नकळत कापल्या, आता कळून कापायच्या म्हटलं की हात धजत नाही.

रागाव, पण लिहीत राहा. तुझ्या रागाशिवाय मला चुकल्यासारखं होतं.

तुझी
रुद्राणी


नांदूरघाट
२७ जानेवारी २०२५

तुझं पत्र आल्यापासून ह्यांच्याशी बोलले न्हाई. ताटात भाकरी पडती, शब्द पडत न्हाई. मला कळलंय हे ह्यांना कळलंय, तरी तेबी गप. तुझ्या आईला वाटतं, दोघांचीबी दाढ दुखती. लवंग आणून ठेवली बिचारीनं.

चि. रुद्राणीस आशीर्वाद. करवत खाली ठेव.

तुझ्या सुग्रीव मिस्त्रीला लाकूड कळतं, दळण कळत न्हाई. जातं नुसतं फरशीवर मांडलं की घर हादरतं, फळीवरचे डबे नाचतात, शेजारीण शिव्या देती. मग आमी काय घर कापत व्हतो का? जात्याखाली गोणपाटाची चौघडी घालायची. खाली मऊ, वर जड. जड वस्तू मऊवर बसली की तिचं तिच्यापाशी ऱ्हातं आन् दुसऱ्याचं तिच्यापाशी येत न्हाई. तुझी फिरती चकती लाकडावर ठेवू नको. खाली घडी घाल, घडीवर चांगला जाड कडप्पा ठेव, त्याच्यावर चकती. आन् दगड पेटीच्या अंगाला कुठंच टेकू देऊ नको, चारी बाजूंनी बोटभर फट ऱ्हाऊ दे. टेकला की संपलं.

झाल्यावर घेऊन ये. मी ऐकीन. माझ्या बैठकीपेक्षा मोठी वाटली तर ऱ्हाईल. न्हाई वाटली तर तुझ्याचकडनं तिची बैठक करून घेईन. चार पाय तर लावलेलेच हायत.

तुझ्यावर राग हाय, पण तो तुझ्या वाट्याचा थोडाच हाय. बाकीचा घरातच खपतोय.

नीलाबाई


अंबाजोगाई
६ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आजीस शि. सा. न. वि. वि.

कडप्पा घातला. खाली गोणपाट, चारी बाजूंनी बोटभर फट. मग दगडावर काठोकाठ पाण्याची वाटी ठेवली आणि आवाज होता तेवढा वर नेला. शेडचा पत्रा थरथरला, वाटीतलं पाणी हललं नाही. सुग्रीव मिस्त्री वाटीपाशी वाकून बराच वेळ बघत राहिले. हे कुठल्या पुस्तकात आहे असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुस्तक नांदूरघाटला असतं आणि भाकऱ्या थापतं.

सोमवारी, १७ तारखेला, पेटी घेऊन येते. ऐकल्यावर तू जे ठरवशील ते मला मान्य. हे मनापासून लिहिते आहे.

माया कमी करू नकोस, अंबाजोगाईत ती कुठल्याच दुकानात मिळत नाही.

तुझी
रुद्राणी


नांदूरघाट
२० फेब्रुवारी २०२५

चि. रुद्राणीस आजीचे आशीर्वाद.

सोमवारी तू पेटी लावलीस तवा सारी गल्ली घरात शिरलती. कुणी झाकण उघडतंय, कुणी फोटो काढतंय. त्या गर्दीत मला काय कळणार? मी चहा गाळत बसले. तुला वाटलं, आजीनं नाक मुरडलं. तोंड एवढंसं करून केजच्या गाडीत बसलीस. मी बोलवलं न्हाई, कारण ऐकल्याबिगर बोलायची मला सवय न्हाई. आता ऐकलंय.

मंगळवारी सगळे आपापल्या कामाला गेले. हे दुकानात. मी हात धुतले, कोरडे केले आन् एक तबकडी काढली. ही तीच, जिचं मी तीन वर्षं लोणच्याच्या बरणीवर झाकण केलंतं. कडेला अजून तेलाचा डाग हाय. उजेडाकडं धरली तर नुसत्या रेघा, बांगडीच्या आत बांगडी. म्हणलं, ह्यात काय असणार. सोमवारी तुला ठेवताना बघितलंतं, तशी सुई ठेवली.

आधी तव्यावर जिरं तडतडल्यागत झालं. मग एक बाई आली. वाजली असं लिवत न्हाई, आली. गाण्याला तोंड उघडायच्या आधी ती श्वास घेती, रुद्राणी. तो श्वास मला ऐकू आला. दारात कोण उभं हाय म्हणून मी वळून बघितलं. आवाज पेटीत नव्हताच. तो भिंतीत व्हता, पितळेच्या डब्यांत व्हता, माझ्या हातातल्या बांगड्यांत व्हता. पखवाजाची थाप पडली की पायाखालची फरशी जिती व्हायची, आन् सुई मात्र आपली दगडावर बसून नांगराच्या बैलागत धिमी चाललेली.

ती बाई कवाच गेली असंल. पखवाज वाजवणाराबी. आन् माझ्या घरात, मंगळवारी सकाळी पावणेबाराला, ती श्वास घेऊन पुढची ओळ धरती. एवढ्याशा रेघेत एका माणसाचा दम कसा मावला? मी सत्तरी पार केली, चार तीर्थं केली, दोन बाळं पुरली, पर असं अंगावर कधी आलं न्हाई. नळाचं पाणी वाहत व्हतं, ते बंद करायलाबी मी उठले न्हाई. माझ्याकडनं पाणी वाया गेलं, हे तू ध्यानात घे.

शेजारची सरस्वतीबाई चाळणी मागायला आली. उंबऱ्यातच चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला. मी म्हणलं, देव न्हाई गं त्यात. ती म्हणली, असू दे. चाळणी न घेताच गेली.

बारा वाजता हे आले. आवाज दुकानापर्यंत गेलता म्हणं. दारात उभे ऱ्हायले. मग पेटीच्या मागं गेले आन् फळ्यांवरनं हात फिरवला, एकपासून, ओठातल्या ओठात आकडे म्हणत. पाचवर थांबले. आत पखवाज वाजत व्हता, ह्यांचा तळवा फळीवर, आन् डोळे मिटलेले. तो चेहरा मी लग्नात बघितलाता, त्याच्यानंतर आता. डोळे उघडले आन् मला म्हणाले, बस. महिन्याभरातला पहिला शब्द. लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली. ह्यांच्यासमोर मी वाकले, उभी ऱ्हायले, भांडले, शेजारी बसले न्हाई. बसले. तबकडी संपली, सुई नुसती करकर करत ऱ्हायली, तरी दोघांनाबी उठवंना.

तर पेटी ऱ्हाईल. मोडायची भाषा मी केलती, मीच परत घेते. मला न्यायची येळ आली की बांबूवर न्या, खुर्चीत न्या, न्हाईतर कडबा भरायच्या गाडीत न्या. मी काय बघायला येणार हाय.

हाताची कामं नीट कर, बोटं सांभाळ, जेवत जा. माझा लोभ वाढलाय, पर लई डोक्यावर बसू नको.

नीलाबाई

ता. क. फळ्या माझ्या शेवटच्या बैठकीसाठी ठेवल्यात ते ह्यांना म्हाईत व्हतं. तरी दिल्या, आन् एकबी परत आणू नको म्हणले. कावून? मला तोंडानं विचारता येत न्हाई. विचारलं तर खोकतील आन् दुकानात जातील. म्हणून हा कागद वाचून झाला की ह्यांना दुकानाच्या पत्त्यावर धाड. उत्तर तू लिवायचं न्हाई, तुझ्या बापानंबी न्हाई. फळ्या ज्यांनी काढून दिल्या त्यांनीच लिवायचं, स्वतःच्या अक्षरात, तिकीट लावून, माझ्या नावानं. पोस्टाची पेटी दुकानासमोरच हाय.